वायरलेस इंटरनेट आणि लिनक्स संगणक : जोडणी सुरक्षित कशी करावी?

दहावी-बारावीचा निकाल लागला की विद्यार्थ्यांची व पालकांची एकच धावपळ सुरू होते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, बँकेचे खातेपुस्तक आणि आधार क्रमांक अशी सारी कागदपत्रे जमवून शिष्यवृत्तीचा अर्ज भरावा लागतो. एकेकाळी हा अर्ज कागदावर भरून महाविद्यालयाच्या खिडकीत देत असत. आता तो ‘महाडीबीटी’ या शासकीय संकेतस्थळावर भरावा लागतो आणि मंजूर झालेली रक्कम थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते. म्हणजेच आपल्या मुलामुलींची ओळख, त्यांची कागदपत्रे आणि त्यांच्या हक्काचा पैसा हे सर्व आज संगणकातून व हवेतल्या लहरींतून ये-जा करीत असते. घराला कुलूप लावल्याशिवाय आपण बाजारालाही जात नाही. मग या लहरींना कुलूप आहे की नाही, याची चौकशी आपण केली आहे काय?

प्रस्तुत लेखाचा हेतू हाच आहे. साखरखेर्डा व भोवतालच्या खेड्यांतील सभासदांनी आणि विद्यार्थ्यांनी आपली वायरलेस जोडणी, म्हणजे ज्याला आपण सर्रास ‘वायफाय’ म्हणतो ती, लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात सुरक्षितपणे कशी बसवावी, हे आम्ही येथे शक्य तितक्या सोप्या भाषेत सांगणार आहोत. यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. वाचता येणे, थोडा धीर आणि क्रमाने काम करण्याची सवय एवढे भांडवल पुरे आहे.

लिनक्सच का?

लिनक्स ही संगणक चालविणारी मूळ प्रणाली आहे. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली तिचा गाभा लिहिला. त्याआधी १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ या मुक्त प्रणालीची घोषणा केली होती. या दोन्हींच्या मिलाफातून जी प्रणाली तयार झाली ती कोणालाही विनामूल्य घेता येते, वाटता येते, उघडून पाहता येते आणि सुधारताही येते. आपल्या देशात ‘सी-डॅक’ या सरकारी संस्थेने ‘बॉस’ नावाची लिनक्स प्रणाली भारतीय भाषांच्या सोयींसह तयार केली आहे. याशिवाय उबुंटू, डेबियन, फेडोरा, मिंट अशा कितीतरी आवृत्त्या उपलब्ध आहेत.

संस्थांच्या दृष्टीने याला आणखी एक व्यावहारिक कारण आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. पुष्कळ जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. एखाद्या अभ्यासिकेला देणगीदाखल मिळालेले असे संगणक भंगारात न काढता त्यांवर लिनक्स बसविले, तर ते आणखी काही वर्षे उत्तम काम देऊ शकतात. मात्र प्रणाली बदलली म्हणून सुरक्षितता आपोआप येते, असा समज करून घेऊ नये. लिनक्सचे दार भक्कम असते हे खरे, पण कडी आपणच लावावी लागते.

वायरलेस म्हणजे नेमके काय?

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. तेव्हा ती टेलिफोनच्या तारेतून येत असे. आज प्रकाशतंतूची केबल किंवा मोबाइलचा टॉवर यांमार्फत इंटरनेट आपल्या दारापर्यंत येते. ‘राउटर’ नावाची पेटी ते घेऊन रेडिओलहरींच्या रूपाने खोलीभर पसरविते. संगणकातील वायरलेस कार्ड त्या लहरी ऐकते आणि उत्तरही लहरींनीच देते. आकाशवाणीचे केंद्र आणि आपला रेडिओ यांच्यासारखाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की येथे दोन्ही बाजू बोलतात आणि दोन्ही बाजू ऐकतात.

या लहरी प्रामुख्याने २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत चालतात. २.४ चा पट्टा दूरवर जातो व भिंतीतूनही बऱ्यापैकी पार होतो, पण त्यात गर्दी फार असते. ५ चा पट्टा वेगवान आहे, परंतु जाड भिंत आली की तो दमतो. जानेवारी २००५ मध्ये केंद्र शासनाने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्यातून मुक्त केला, म्हणून आज घरी राउटर लावण्यास कोणाचा परवाना लागत नाही.

आता महत्त्वाचा मुद्दा पाहू. तार भिंतीच्या आत असते. ती तोडल्याशिवाय किंवा तिला जोड दिल्याशिवाय चोराला काही मिळत नाही. लहर मात्र भिंत ओळखत नाही. ती शेजारच्या ओसरीवर जाते, रस्त्यावर जाते आणि समोरच्या दुकानातही जाते. ज्याच्याजवळ वायरलेस कार्ड आहे, त्या प्रत्येकाच्या कानावर ती पडू शकते. लहर अडविणे आपल्या हाती नाही. तिच्यातला मजकूर परक्याला उमगू नये, एवढी व्यवस्था करणे मात्र आपल्या हाती आहे. यालाच सांकेतीकरण म्हणतात.

आपल्या गावाचे नाव इतिहासात नोंदले गेले ते ऑक्टोबर १७२४ च्या लढाईमुळे. निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान यांच्यात येथे युद्ध झाले, त्यात मुबारिझखान मारला गेला आणि दख्खनमध्ये निजामाचा अंमल पक्का झाला. त्या काळी खलिता जासुदाच्या हाती जात असे. वाटेत तो कोणी फोडलाच, तर मोहर तुटलेली दिसे. नाजूक मजकूर असेल तर तो ज्याला खूण ठाऊक आहे त्यालाच कळेल, अशा रीतीने लिहीत. वायरलेसमध्ये खलिता रोज लाखो वेळा उघड्या मैदानातून जातो आणि तो वाटेत वाचला गेला तरी मोहर तुटलेली दिसत नाही. म्हणूनच खूण पक्की असणे येथे अधिक गरजेचे आहे.

उघड्या जोडणीची किंमत

‘आमच्याजवळ लपविण्यासारखे आहे तरी काय?’ असा प्रश्न पुष्कळजण विचारतात. त्याचे उत्तर महाराष्ट्रातच घडलेल्या एका प्रकरणात आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद शहरात बॉम्बस्फोटांची मालिका झाली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी प्रसारमाध्यमांना धमकीचा एक ई-मेल आला होता. पोलिसांनी त्याचा माग काढला तेव्हा तो नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घरापर्यंत पोहोचला. त्या घरात राहणाऱ्या परदेशी गृहस्थांचा या कटाशी संबंध नव्हता. त्यांची वायरलेस जोडणी असुरक्षित होती आणि दुसऱ्याच कोणीतरी तिचा वापर करून घेतला होता. तरीही त्यांना चौकशीला सामोरे जावे लागले. पुढे त्याच वर्षी ऑगस्ट व सप्टेंबर महिन्यांत आलेले असेच ई-मेल मुंबईतील माटुंग्याचे एक महाविद्यालय आणि चेंबूरची एक कंपनी यांच्या वायरलेस जोडण्यांतून गेल्याचे निष्पन्न झाले.

त्यानंतर २००९ च्या आरंभी मुंबई पोलिसांनी उघड्या जोडण्या शोधण्याची मोहीम हाती घेतली. त्याच वर्षी फेब्रुवारी महिन्यात केंद्राच्या दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना वायरलेस जोडण्या सुरक्षित करण्याविषयी सूचना दिल्या. यातून बोध असा की, उघडी जोडणी ठेवणाऱ्याची चोरी होतेच असे नाही, पण दुसऱ्याच्या गुन्ह्याचा माग त्याच्या दारापर्यंत येऊ शकतो. ज्या समाजातील माणसाला पोलीस चौकीची पायरी चढणे आणि आपले निर्दोषत्व सिद्ध करणे आजही सोपे नसते, त्याने तर ही काळजी दुप्पट घेतली पाहिजे.

कुलपांच्या चार पिढ्या

वायरलेसची मूळ प्रमाणपद्धती १९९७ साली ठरली. तिच्याबरोबर ‘वेप’ नावाचे पहिले कुलूप आले. २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर या तीन तज्ज्ञांनी त्यातील गणिती दोष दाखवून दिला. आज साध्या लॅपटॉपवर हे कुलूप काही मिनिटांत उघडते. सबब जुन्या राउटरवर ‘वेप’ दिसल्यास ती जोडणी उघडीच आहे असे समजावे.

२००३ मध्ये तात्पुरती सोय म्हणून ‘डब्ल्यूपीए’ आले आणि २००४ मध्ये ‘डब्ल्यूपीए-२’ आले. यातील ‘एईएस’ ही सांकेतीकरणाची पद्धत अद्याप भक्कम मानली जाते. ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जियमच्या लुव्हेन विद्यापीठातील मॅथी व्हानहूफ यांनी डब्ल्यूपीए-२ च्या हस्तांदोलनातील, म्हणजे राउटर व संगणक यांच्या पहिल्या ओळखपरेडीतील, एक दोष जाहीर केला. लिनक्समध्ये ही ओळखपरेड पार पाडणारा ‘डब्ल्यूपीए सप्लिकंट’ नावाचा कार्यक्रम त्या दोषाने विशेष बाधित झाला होता. त्याची दुरुस्ती लगेच प्रसिद्ध झाली. ज्यांनी आपली प्रणाली अद्ययावत केली ते सुरक्षित झाले आणि ज्यांनी आळस केला ते तसेच राहिले.

२०१८ मध्ये ‘डब्ल्यूपीए-३’ ही चौथी पिढी आली. जुलै २०२० पासून वायफायचे अधिकृत प्रमाणपत्र मिळविणाऱ्या नव्या उपकरणांना ती अनिवार्य झाली आहे. तिचे दोन मोठे फायदे आहेत. डब्ल्यूपीए-२ मध्ये ओळखपरेडीची लहर एकदा टिपून घेतली की चोर ती घरी नेऊन, राउटरला पत्ता लागू न देता, हवे तितके शब्द आजमावू शकतो. डब्ल्यूपीए-३ मध्ये प्रत्येक अंदाज राउटरच्या समोर येऊनच करावा लागतो. दुसरा फायदा अभ्यासिकांच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. डब्ल्यूपीए-२ मध्ये ज्याला परवलीचा शब्द ठाऊक आहे आणि ज्याने इतरांच्या ओळखपरेडी टिपल्या आहेत, तो त्याच जोडणीवरील इतरांच्या लहरी वाचू शकतो. म्हणजे भिंतीवर परवलीचा शब्द लिहून ठेवलेल्या अभ्यासिकेत बाहेरच्याला अडथळा झाला तरी आतल्याला होत नाही. डब्ल्यूपीए-३ मध्ये प्रत्येकाची किल्ली वेगळी व दुसऱ्याला न काढता येणारी असते.

येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. आज बँका, शासकीय संकेतस्थळे आणि बहुतेक सर्व मोठी संकेतस्थळे स्वतःचेही सांकेतीकरण करतात. पत्त्याच्या आरंभी ‘एचटीटीपीएस’ ही अक्षरे असतात ती त्याचीच खूण. त्यामुळे वायरलेसचे कुलूप कमकुवत असले तरी बँकेचा परवलीचा शब्द लगेच उघडा पडत नाही. तथापि आपण कोणकोणत्या संकेतस्थळांवर जातो हे कळू शकते, खोट्या संकेतस्थळाकडे वळविण्याचा प्रयत्न होऊ शकतो आणि आपल्या जोडणीचा गैरवापर तर होऊ शकतोच. म्हणून दोन्ही कुलपे हवीत.

परवलीचा शब्द : थोडे अंकगणित

पुष्कळ घरांत वायफायचा परवलीचा शब्द म्हणून मोबाइल क्रमांक ठेवलेला असतो. तो किती टिकतो हे विद्यार्थी मित्रांनी स्वतः करून पाहावे. आपल्याकडील मोबाइल क्रमांक दहा अंकी असून ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी झाल्या. संगणकावरील खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या चांगल्या ग्राफिक्स कार्डावर डब्ल्यूपीए-२ चे सेकंदाला काही लाख अंदाज तपासता येतात. आपण पाच लाख धरू. ४०० कोटीला पाच लाखांनी भागल्यास ८,००० सेकंद येतात, म्हणजे सुमारे सव्वादोन तास. जन्मतारीख ठेवली असेल तर शंभर वर्षांच्या सर्व तारखा मिळून साडेछत्तीस हजारांच्या आसपास भरतात. त्या तपासायला एक सेकंदही लागत नाही.

आता दुसरी रीत पाहू. साध्या शब्दांची ७,७७६ शब्दांची यादी घ्यावी आणि प्रत्येक शब्दासाठी पाच वेळा फासा टाकून यादृच्छिकपणे पाच शब्द निवडावेत. फाशाला सहा बाजू असल्याने पाच फाशांच्या शक्यता बरोबर ७,७७६ होतात, म्हणून यादीही तेवढीच. असे पाच शब्द एकत्र केले की त्याच वेगाने सर्व शक्यता तपासण्यास सुमारे १८ लाख वर्षे लागतील. ‘विळा पोपट सोळा रांजण धुके’ अशा धाटणीचे अर्थहीन वाक्य लक्षात ठेवणेही सोपे असते. अर्थात, येथे छापलेले शब्द कोणीही वापरू नयेत! शब्द फाशानेच काढावेत. मनाने निवडल्यास माणूस देवादिकांची, नेत्यांची, गावाची वा मुलांची नावे घेतो आणि चोरही नेमकी तीच आधी तपासतो.

एक व्यावहारिक सूचना अशी की, डब्ल्यूपीए-२ च्या परवलीच्या वाक्यात ८ ते ६३ अक्षरे चालतात आणि ती रोमन लिपीतील असावी लागतात. शब्द मराठी असोत, पण लिहिताना रोमन अक्षरे वापरावीत.

आधी राउटर, मग संगणक

संगणकाला हात लावण्यापूर्वी राउटर नीट करावा. राउटरच्या तळाशी चिकटविलेल्या पट्टीवर त्याच्या व्यवस्थापन-पानाचा पत्ता आणि मूळ परवलीचा शब्द छापलेला असतो. तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की पान उघडते. तेथे पुढील कामे क्रमाने करावीत.

१. व्यवस्थापनाचा मूळ परवलीचा शब्द बदलावा. वायफायचा परवलीचा शब्द आणि व्यवस्थापनाचा परवलीचा शब्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींसाठी एकच शब्द ठेवू नये.

२. सुरक्षेचा प्रकार ‘डब्ल्यूपीए-३’ निवडावा. जुने मोबाइल किंवा संगणक जोडले जात नसल्यास ‘डब्ल्यूपीए-२ व डब्ल्यूपीए-३ मिश्र’ निवडावा. राउटर जुना असल्यास ‘डब्ल्यूपीए-२’ बरोबर ‘एईएस’ घ्यावे. ‘वेप’ आणि ‘टीकेआयपी’ हे पर्याय टाळावेत.

३. ‘डब्ल्यूपीएस’ ही बटणाने किंवा आठ अंकी पिनने जोडण्याची सोय बंद करावी. डिसेंबर २०११ मध्ये तिच्यातील असा दोष जाहीर झाला की, आठ अंकी पिन असूनही फक्त ११,००० प्रयत्नांत ती हमखास सापडते.

४. बाहेरून, म्हणजे इंटरनेटवरून, राउटरचे व्यवस्थापन करण्याची सोय बंद ठेवावी.

५. राउटरच्या अंतर्गत प्रणालीची नवी आवृत्ती आली असल्यास ती बसवावी.

६. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी ‘पाहुण्यांची जोडणी’ वेगळी सुरू करावी. जमाखर्च व सभासदांच्या नोंदी असलेला कार्यालयाचा संगणक मुख्य जोडणीवर आणि विद्यार्थ्यांचे मोबाइल पाहुण्यांच्या जोडणीवर, अशी विभागणी अभ्यासिकेसाठी उत्तम होय.

जोडणीचे नाव लपविल्याने सुरक्षितता वाढते असा एक समज आहे. तो खरा नाही. नाव लपविले तरी लहरी लपत नाहीत. उलट आपला संगणक जेथे जाईल तेथे त्या नावाने हाका मारीत राहतो.

लिनक्स संगणकात जोडणी बसविणे

आता मुख्य कामाकडे वळू. खाली दिलेल्या आज्ञा ‘टर्मिनल’ या खिडकीत लहान रोमन अक्षरांत टाइप करावयाच्या आहेत. येथे त्यांचा उच्चार तेवढा दिला आहे.

पहिली पायरी म्हणजे वायरलेस कार्ड ओळखले गेले आहे काय, ते पाहणे. त्यासाठी ‘एनएमसीएलआय डिव्हाइस’ ही आज्ञा द्यावी. येणाऱ्या यादीत ‘वायफाय’ प्रकारचे उपकरण दिसले तर काम सोपे झाले. दिसले नाही तर ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा देऊन पाहावे. काही लॅपटॉपच्या कडेला किंवा कळफलकावर वायरलेस बंद करण्याची कळ असते आणि ती बंद असल्यास येथे ‘ब्लॉक्ड’ या शब्दापुढे ‘येस’ दिसते.

तरीही कार्ड दिसत नसेल तर बहुधा त्याचे ‘फर्मवेअर’ बसलेले नसते. फर्मवेअर म्हणजे कार्डाच्या आत चालणारा, कार्डाच्या निर्मात्याने दिलेला छोटा कार्यक्रम. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून हे कार्यक्रम मूळ प्रतीतच दिले जातात. त्याआधीच्या आवृत्त्यांत ते वेगळे घ्यावे लागत. येथे एक गंमतीचा पेच पडतो. वायरलेस चालू करण्यासाठी इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी वायरलेस हवे! त्यावर उपाय सोपा आहे. राउटरपासून संगणकापर्यंत तार लावावी किंवा मोबाइल यूएसबी तारेने संगणकाला जोडून त्याचे इंटरनेट तात्पुरते वापरावे आणि फर्मवेअर उतरवून घ्यावे.

दुसरी पायरी म्हणजे प्रणाली अद्ययावत करणे. उबुंटू, डेबियन, मिंट व बॉस या प्रणालींत ‘सुडो एपीटी अपडेट’ आणि त्यानंतर ‘सुडो एपीटी अपग्रेड’ या आज्ञा द्याव्यात. २०१७ च्या दोषाची हकिकत वर आलीच आहे. तिचा धडा हाच, की कुलूप कितीही चांगले असले तरी त्याला वेळोवेळी तेल घालावे लागते.

तिसरी पायरी म्हणजे जोडण्यांची पाहणी. ‘एनएमसीएलआय डिव्हाइस वायफाय लिस्ट’ ही आज्ञा दिल्यास आसपासच्या सर्व जोडण्यांचे नाव, वाहिनीचा क्रमांक, लहरींचा जोर आणि शेवटी सुरक्षेचा प्रकार दिसतो. आपल्या नावापुढे ‘डब्ल्यूपीए-२’ किंवा ‘डब्ल्यूपीए-३’ दिसले पाहिजे. तेथे नुसत्या दोन आडव्या रेघा असतील तर ती जोडणी उघडी आहे. ही एकच आज्ञा आपल्या साऱ्या तयारीची परीक्षा घेते. लगतच्या अनेक जोडण्या एकाच वाहिनीवर गर्दी करीत असतील, तर २.४ च्या पट्ट्यात १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळी वाहिनी राउटरवर निवडावी. या तीन वाहिन्या एकमेकींच्या क्षेत्रात येत नाहीत.

चौथी पायरी म्हणजे प्रत्यक्ष जोडणी. पडद्याच्या कोपऱ्यातील जोडणीच्या चिन्हावर क्लिक करून आपले नाव निवडावे व परवलीचे वाक्य लिहावे. टर्मिनलमधून करावयाचे असल्यास आज्ञेत ‘आस्क’ हा पर्याय जोडावा, म्हणजे संगणक परवलीचा शब्द स्वतंत्रपणे विचारतो. परवलीचा शब्द आज्ञेतच लिहिला तर तो आज्ञांच्या इतिहासात उघडा पडून राहतो आणि नंतर बसणाऱ्या कोणालाही दिसू शकतो.

एखादा जुना संगणक डब्ल्यूपीए-३ ला जोडलाच जात नाही, असेही घडते. यात संगणकाचा बिघाड नसतो. काही जुन्या कार्डांना त्यासाठी लागणारी संरक्षित व्यवस्था येत नाही. अशा वेळी सुरक्षा काढून टाकू नये. राउटरवर मिश्र पर्याय ठेवावा, म्हणजे जुना संगणक डब्ल्यूपीए-२ ने आणि नवे मोबाइल डब्ल्यूपीए-३ ने जोडले जातील.

सामाईक संगणकाची शिस्त

घरचा संगणक आणि अभ्यासिकेचा संगणक यांत फरक आहे. अभ्यासिकेत एकाच संगणकावर दिवसभरात अनेकजण बसतात. म्हणून व्यवस्थापकाचे खाते एक आणि विद्यार्थ्यांचे खाते दुसरे ठेवावे व विद्यार्थ्यांच्या खात्याला ‘सुडो’चा अधिकार देऊ नये. जोडणी सर्वांसाठी उपलब्ध केल्यास लिनक्स तिचा परवलीचा शब्द फक्त मूळ प्रशासकालाच वाचता येईल अशा फाइलीत ठेवते. मात्र प्रत्येकाला प्रशासकाचे अधिकार दिले तर या व्यवस्थेला अर्थ उरत नाही.

त्यानंतर ‘फायरवॉल’ म्हणजे संरक्षक भिंत सुरू करावी. उबुंटूमध्ये ती बसविलेली असते, पण आरंभी बंद असते. ‘सुडो यूएफडब्ल्यू इनेबल’ ही आज्ञा दिली की ती सुरू होते. आपण बाहेर मागितलेली माहिती आत येते, परंतु बाहेरच्याने आपणहून दार ठोठावले तर उघडले जात नाही. फेडोरामध्ये ही भिंत मुळातच चालू असते.

शिष्यवृत्तीचा अर्ज भरून झाल्यावर खात्यातून बाहेर पडावे, उतरवलेली कागदपत्रे पुसावीत आणि ब्राउझरला परवलीचा शब्द लक्षात ठेवू देऊ नये. मोबाइलवर येणारा एकवेळचा संकेतांक, म्हणजे ओटीपी, कोणालाही सांगू नये. यासाठी कोणतीही आज्ञा लागत नाही, पण ही सवय साऱ्या कुलपांहून मोलाची आहे.

गावाबाहेर गेल्यावर

आपले विद्यार्थी पुढील शिक्षणासाठी चिखली, मेहकर, बुलडाणा, अमरावती, छत्रपती संभाजीनगर, पुणे येथे जातात. तेथे रेल्वे स्थानक, बसस्थानक किंवा उपाहारगृहात फुकट वायफाय मिळते. असे वायफाय वापरताना हे ध्यानी ठेवावे की, जोडणीचे नाव कोणीही काहीही ठेवू शकतो. स्थानकाच्या नावाची जोडणी स्थानकाचीच असेल असे नाही. अशा ठिकाणी बँकेचा व्यवहार टाळावा, त्यासाठी स्वतःच्या मोबाइलचे इंटरनेट वापरावे आणि काम संपल्यावर ती जोडणी संगणकाच्या स्मरणातून काढून टाकावी. न काढल्यास तेच नाव दुसरीकडे दिसताच संगणक आपणहून तिला जोडला जाऊ शकतो.

मोठ्या महाविद्यालयांत एकच सामाईक शब्द नसतो. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र नाव व परवलीचा शब्द दिला जातो. याला ‘एंटरप्राइज’ पद्धत म्हणतात. लिनक्समध्ये ही जोडणी करताना ‘प्रमाणपत्राची गरज नाही’ असा एक पर्याय दिसतो आणि घाईत पुष्कळजण त्यावर खूण करतात. तसे करू नये. ते प्रमाणपत्र म्हणजे समोरचा राउटर खरोखर महाविद्यालयाचाच आहे याची साक्ष होय. महाविद्यालयाच्या संगणक विभागाकडून प्रमाणपत्राची फाइल मागून घ्यावी आणि ती त्या जागी दाखवावी. हा आपला अधिकार आहे व तो मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

समारोप

वरील सर्व विवेचनाचे सार थोडक्यात सांगायचे तर असे : राउटरचा मूळ शब्द बदला, सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-२ च्या खाली येऊ देऊ नका, डब्ल्यूपीएस बंद करा, परवलीचे वाक्य फाशाने काढा, संगणक अद्ययावत ठेवा, संरक्षक भिंत सुरू करा आणि प्रशासकाचे अधिकार जपून द्या. ही सात कामे एका दुपारी होतात आणि त्यांना एक पैसाही लागत नाही.

आम्हाला असे सुचवावेसे वाटते की, आपल्यातील अकरावी-बारावीच्या व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी दोघा-दोघांचे गट करून सुट्टीत घरोघरी जावे, तेथील राउटरवरील सुरक्षेचा प्रकार पाहावा आणि घरमालकाच्या संमतीने वरील कामे करून द्यावीत. परवलीचा नवा शब्द मात्र घरच्यांनीच निवडावा व लिहावा, विद्यार्थ्यांनी तो पाहूही नये. अशाने गावातील कुटुंबे सुरक्षित होतील आणि करणाऱ्या मुलामुलींच्या हाती एक उपयुक्त विद्या येईल. संगणक दुरुस्त करणारा माणूस शहरातून येण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा ती विद्या आपल्याच अंगणात रुजावी, यातच समाजाचे खरे हित आहे. वाचक या सूचनांचा लाभ घेतील आणि आपल्या शेजाऱ्यालाही त्या समजावून सांगतील, अशी आशा बाळगून आम्ही येथे लेखणी थांबवितो.